इंग्रजीतील भविष्यार्थाची घडण

इंग्रजीत काळ किती, या प्रश्नाचे उत्तर शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेक मराठी माणसांना पाठ असते: वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन, आणि प्रत्येकाचे चार पोटभेद धरून एकूण बारा. हे कोष्टक घोकायला सोयीचे आहे आणि दिसायलाही रेखीव आहे; परंतु त्याचा भविष्यकाळाचा भाग इंग्रजीच्या प्रत्यक्ष घडणीशी जुळत नाही, आणि तो जुळत नाही म्हणूनच वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही 'विल' कुठे वापरावे आणि कुठे टाळावे याविषयीची चाचपड संपत नाही. पुढे होणाऱ्या गोष्टीविषयी इंग्रजीत बोलणारा माणूस केवळ काळ सांगत नसतो. आपण हे कोणत्या आधारावर बोलतो आहोत, म्हणजे इच्छेच्या, बंधनाच्या, समोर दिसणाऱ्या लक्षणाच्या, ठरलेल्या बेताच्या की नुसत्या तर्काच्या, हे त्याला क्रियापदाच्या निवडीतूनच उघड करावे लागते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच आहे, आणि ते पटण्यासाठी इंग्रजीचा सुमारे हजार वर्षांचा इतिहास थोडा उलगडावा लागतो.

आरंभी काळ आणि समय यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. समय ही जगातली गोष्ट आहे. काल, आज आणि उद्या प्रत्येक भाषिकाला सारखेच असतात. व्याकरणातला काळ ही मात्र भाषेतली गोष्ट आहे. भाषावैज्ञानिक बर्नार्ड कॉमरी यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या 'टेन्स' या ग्रंथात काळाची व्याख्या करताना, घटनेचे समयातील स्थान दाखवणारी व्याकरणिक व्यवस्था, असाच अर्थ घेतला आहे. मराठीत 'कर' या धातूपासून करीन, करशील, करील, कराल, करतील अशी रूपे होतात. धातूला प्रत्यय लागतो आणि त्या प्रत्ययाने भविष्याचा बोध होतो. इंग्रजीतील 'वॉक' या क्रियापदाची रूपे मोजली, तर वॉक, वॉक्स, वॉक्ड आणि वॉकिंग एवढ्या चारांवर यादी थांबते, आणि त्यांतले एकही भविष्याचे नाही. भूतकाळासाठी 'वॉक्ड' हे स्वतंत्र रूप आहे. भविष्यासाठी दुसरे क्रियापद मदतीला बोलवावे लागते. रूप आणि अर्थ यांची अशी फारकत मराठी व्याकरणाला नवी नाही. आपल्या व्याकरणपरंपरेत क्रियापदांच्या रूपांना ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात अशी प्रत्ययावरून नावे दिलेली आहेत, ती याच जाणिवेतून: रूपाचे नाव एक आणि त्याचा उपयोग अनेक, हे त्या व्याकरणकारांना ठाऊक होते. शालेय पुस्तकांनी ही नावे टाकून दिली, हे मराठीच्या अध्यापनाचे नुकसानच होय.

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे इंग्लंडवर नॉर्मन लोकांची सत्ता येण्यापूर्वीच्या भाषेत, वर्तमान आणि भूत असे दोनच काळ होते. भविष्यातील घटना सांगायची असेल, तर वर्तमानकाळी रूपच वापरले जाई आणि उद्याचा बोध संदर्भावरून किंवा क्रियाविशेषणावरून होई. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नावाच्या विद्वान मठवासीने लॅटिनचे व्याकरण इंग्रजीत लिहिले. युरोपातील एखाद्या लोकभाषेत लिहिलेले लॅटिनचे हे सर्वांत जुने उपलब्ध व्याकरण मानले जाते. लॅटिनमध्ये भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप आहे. ते आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत कसे समजवावे, ही एल्फ्रिकपुढची अडचण होती. 'मी उभा राहीन' अशा अर्थाच्या लॅटिन रूपासाठी त्याने इंग्रजीतले 'मी उभा राहतो' हेच रूप घेतले आणि त्याला 'लवकरच' किंवा 'कधीतरी' अशा अर्थाचे शब्द जोडले. हाताशी भविष्याचे रूप असते, तर त्या काटेकोर शिक्षकाने ही जोडाजोड केली नसती. असण्याचा अर्थ दाखवणारी दोन क्रियापदे मात्र त्या भाषेत होती, आणि त्यांतील एकाच्या, म्हणजे आजच्या 'बी'च्या पूर्वजाच्या, वर्तमानकाळी रूपांचा कल भविष्याकडे असे. पण ही सोय एका क्रियापदापुरतीच होती.

'विल' आणि 'शॅल' ही दोन्ही क्रियापदे त्या वेळीही भाषेत होती, परंतु त्यांचा संसार वेगळा होता. 'विल'चे मूळ असलेले 'विलान' म्हणजे इच्छिणे, हवे असणे. 'शॅल'चे मूळ असलेले 'स्कुलान' म्हणजे देणे लागणे, बांधील असणे. इंग्रजीची भगिनीभाषा असलेल्या जर्मनमध्ये ही जुनी नाती अजून जिवंत आहेत: 'इश विल' याचा अर्थ 'मला हवे आहे' असाच होतो, आणि 'शुल्ड' म्हणजे कर्ज अथवा दोष. पुण्या-मुंबईत जर्मन शिकू लागलेला विद्यार्थी या 'विल'पाशी हमखास अडखळतो, कारण त्याच्या डोक्यात इंग्रजीचा अर्थ बसलेला असतो. ज्याला एखादी गोष्ट हवी आहे तो ती बहुधा करील, आणि ज्याच्यावर ती करण्याचे बंधन आहे तोही ती बहुधा करील, या साध्या अनुमानाच्या वाटेने इच्छेचा आणि बंधनाचा शब्द हळूहळू भविष्याकडे सरकला. स्वतंत्र अर्थाचा शब्द झिजत झिजत व्याकरणाचा घटक बनतो, या प्रक्रियेला फ्रेंच भाषावैज्ञानिक आंत्वान मेये यांनी १९१२ साली नाव दिले. मराठीत तिला व्याकरणीभवन म्हणता येईल. ही प्रक्रिया एकट्या इंग्रजीत घडली असे नाही. लॅटिनचे जुने भविष्यकाळी रूप लोकांच्या तोंडून गेल्यावर 'गायचे आहे' अशा धाटणीच्या जोडशब्दांतून फ्रेंचचा भविष्यकाळ उभा राहिला, हिंदीतील 'जाएगा'मधला 'गा' संस्कृत 'गत' या शब्दाशी जोडला जातो, आणि मराठीचे 'करील' हे रूप 'करी' या जुन्या वर्तमानकाळी रूपाला 'ल' लागून घडले असे भाषेचे इतिहासकार मानतात. भविष्यकाळाची रूपे बहुतेक ठिकाणी अशी दुसऱ्याच कामासाठी असलेल्या शब्दांतून घडलेली दिसतात, आणि त्या मूळ कामाची खूण त्यांच्या अंगावर दीर्घकाळ राहते.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबलचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा लॅटिनच्या भविष्यकाळी रूपासाठी 'शॅल' योजण्याचा परिपाठ पडला. धर्मग्रंथातील भविष्य हे ईश्वराने ठरवलेले असल्यामुळे बंधनाचा शब्द तिथे शोभून दिसला असावा. 'शॅल'मधली ही हुकमाची धार पुढे दोनशे वर्षांनीही बोथट झालेली नव्हती, याचा उत्तम पुरावा शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' या नाटकात सापडतो. लोकांनी निवडून दिलेला एक अधिकारी त्या गर्विष्ठ सेनापतीला उद्देशून बोलताना 'शॅल' वापरतो, आणि सेनापती त्या एका शब्दावरच भडकतो. हा कोण आम्हाला 'शॅल' म्हणणारा, असा त्याचा संताप आहे. सहायक क्रियापदाच्या निवडीवरून रंगमंचावर सत्तेचा झगडा पेटतो आणि प्रेक्षकांना तो कळतो, याचा अर्थ त्या काळच्या लंडनकरांच्या कानाला 'शॅल' म्हणजे नुसता भविष्यकाळ वाटत नव्हता.

यानंतर व्याकरणकारांचे युग येते. ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक असलेले जॉन वॉलिस, ज्यांनी अनंताचे चिन्ह गणितात रूढ केले, त्यांनी १६५३ साली इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. परकीयांना इंग्रजी शिकता यावे, हा त्यांचा एक हेतू होता, आणि परकीय ज्या जागी हटकून चुकतात त्या जागी त्यांनी नियम घातला. प्रथमपुरुषी 'शॅल' केवळ पुढचे सांगते, तर 'विल' वचन देते किंवा धमकावते. द्वितीय आणि तृतीय पुरुषी याच्या उलट, 'विल' केवळ पुढचे सांगते आणि 'शॅल' वचन देते किंवा धमकावते. या नियमामागे एक समंजस विचार दडलेला आहे. स्वतःच्या इच्छेविषयी माणूस अधिकाराने बोलू शकतो, म्हणून 'आय विल' यात इच्छा राहते. दुसऱ्याच्या इच्छेविषयी त्याला नुसता अंदाज करता येतो, म्हणून 'ही विल' यातली इच्छा पातळ होऊन अंदाज उरतो. आणि दुसऱ्यावर बंधन घालणारा बोलणाराच असतो, म्हणून 'यू शॅल' यात हुकूम किंवा हमी येते. वॉलिस यांचे निरीक्षण निराधार नव्हते. चूक झाली ती पुढे, जेव्हा बदलत्या भाषेची एक अवस्था टिपणारे निरीक्षण कायमचा कायदा म्हणून शिकवले जाऊ लागले. १७६२ साली रॉबर्ट लाउथ आणि १७९५ साली लिंडली मरे यांच्या पुस्तकांनी हा नियम शाळाशाळांत पोचवला. १९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथात त्याच्यासाठी कितीतरी पाने खर्च केली आणि दक्षिण इंग्लंडात न वाढलेल्या माणसाला तो अंगवळणी पडणे कठीण आहे, अशी कबुलीही दिली. ज्या नियमात स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथील इंग्रजी बसत नाही, तो इंग्रजीचा नियम कसा म्हणावा, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

तो प्रश्न पुराव्यानिशी अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स फ्राइज यांनी १९२५ साली विचारला. इंग्रजी आणि अमेरिकन नाटकांतील संवाद तपासून त्यांनी दाखवले की प्रथमपुरुषीसुद्धा 'विल'चेच चलन अधिक आहे. नियमाला बाहेरून बसलेला सर्वांत मोठा धक्का मात्र एका भाषणाचा आहे. ४ जून १९४० रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश लोकसभेत डंकर्कच्या माघारीनंतर जे भाषण केले, त्यात किनाऱ्यांवर, शेतांत आणि रस्त्यांवर लढण्याचा निर्धार त्यांनी 'वुई शॅल' या शब्दांनी पुन्हा पुन्हा सांगितला. वॉलिस यांच्या नियमाप्रमाणे हे 'शॅल' नुसते भाकीत ठरते, आणि निर्धारासाठी 'विल' हवे होते; परंतु ते भाषण ऐकणाऱ्या कोणालाही त्यात भाकीत ऐकू आले नाही. 'शॅल'मधले जुने बंधन, आता स्वतःच स्वतःवर घालून घेतलेले, तिथे पूर्ण ताकदीने बोलते. दैनंदिन इंग्रजीत तर या दोन शब्दांतला वाद उच्चारानेच मिटवला आहे, कारण 'आय'ल' असे म्हटल्यावर त्यात 'विल' आहे की 'शॅल', हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही उरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लिखित इंग्रजीच्या संग्रहांची तुलना करणाऱ्या अभ्यासकांना ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी 'शॅल'ची झपाट्याने घसरण झालेली आढळली आहे.

मग 'शॅल' मागे पडल्यावर 'विल' हाच इंग्रजीचा भविष्यकाळ असे का म्हणू नये? डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी याला ठाम नकार दिला, आणि रॉडनी हडल्स्टन व जेफ्री पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणानेही इंग्रजीला भविष्यकाळ नाही असाच निवाडा दिला आहे. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा दुहेरी आहे. पहिली गोष्ट रूपाची: 'विल' हे कॅन, मे, मस्ट या कुटुंबातले क्रियापद आहे. त्यांच्याप्रमाणेच त्याला तृतीयपुरुषी 'एस' लागत नाही, नकारार्थी 'नॉट' त्याला थेट लागते, प्रश्न करताना ते कर्त्याच्या पुढे जाते. शक्यता, परवानगी, बंधन असे जे काही मराठी व्याकरणात क्रियापदाचे 'अर्थ' म्हणून ओळखले जाते, ते दाखवणारा हा गट आहे. दुसरी गोष्ट उपयोगाची, आणि तिथे मराठी वाचकाला पुरावा आपल्याच घरात सापडतो. दारावरची घंटा वाजते आणि आतला माणूस उठता उठता म्हणतो, 'दॅट'ल बी द पोस्टमन'. पोस्टमन उद्या येणार नाही, तो या क्षणी दाराबाहेर उभा आहे; 'विल' इथे वर्तमानाविषयीचा तर्क सांगते. मराठी माणूसही नेमके हेच म्हणतो: 'पोस्टमन असेल'. गाडी तासापूर्वी पोचली असण्याचा अंदाज इंग्रज 'दे'ल हॅव रीच्ड बाय नाउ' असा सांगतो आणि मराठी माणूस 'एव्हाना पोचले असतील' असा. इथे तर घटना होऊन गेलेली आहे. ज्या रूपाने भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्हींविषयी तर्क करता येतो, ते रूप काळाचे आहे असे म्हणणे अवघड जाते. ते तर्काचे रूप आहे, आणि भविष्याविषयी तर्काशिवाय दुसरे काही बहुधा करताच येत नाही म्हणून ते तिथे सर्वाधिक दिसते.

'विल'मधली मूळची इच्छाही अजून मेलेली नाही. ती विशेषतः नकारात डोके वर काढते: 'द डोअर वोन्ट ओपन'. हे दार उद्या उघडणार नाही असा याचा अर्थ नाही. ते आत्ता, ढकलूनही, उघडत नाही, जणू त्याच्या मनातच नाही. मराठीत यासाठी 'दार उघडेना' हा नेमका प्रयोग आहे, आणि 'मूल ऐकेना', 'गाडी सुरू होईना' हेही त्याच वळणाचे. विशेष असे, की 'करील' हे रूप ज्या जुन्या वर्तमानकाळावर उभे आहे, त्याच रूपाला 'ना' लागून 'उघडेना' झालेले आहे. ही दोन्ही रूपे इतकी जवळची आहेत याची दखल इंग्रजी-मराठी व्याकरणांनी क्वचितच घेतली. 'वोन्ट'चे भाषांतर यांत्रिकपणे 'नाही करणार' असे शिकवले गेले.

येथपर्यंत 'विल' आणि 'शॅल' यांचाच विचार झाला, परंतु प्रत्यक्ष बोलण्यात इंग्रजी भविष्याचा मोठा भार इतर रचना वाहतात, आणि आधाराचा प्रश्न तिथे सर्वांत स्पष्ट होतो. 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो' या वाक्यात साधे वर्तमानकाळी रूप आहे, कारण वेळापत्रक हा त्याचा आधार आहे. गाडी उद्या सुटायची असली, तरी ती सहाला सुटते हे आजच छापलेले आहे. उद्याच्या सूर्योदयाविषयीही असेच बोलता येते, कारण तो पंचांगात आहे. उद्याच्या पावसाविषयी मात्र 'इट रेन्स टुमॉरो' असे म्हणता येत नाही, कारण पाऊस वेळापत्रकात बसत नाही. 'आय'म मीटिंग द डॉक्टर टुमॉरो' यातील चालू वर्तमानकाळ सांगतो की भेट ठरली आहे, दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, वहीत नोंदली आहे. म्हणून झाडासारख्या वस्तूविषयी, जी कोणाशी काही ठरवू शकत नाही, 'द ट्री इज फॉलिंग टुमॉरो' हे वाक्य चालत नाही. आणि 'बी गोइंग टू' या रचनेचा आधार आज दिसणारे लक्षण हा असतो: ढग दाटून आले आहेत, म्हणून 'इट इज गोइंग टू रेन', किंवा मनात निश्चय झालेला आहे, म्हणून 'आय'म गोइंग टू रिझाइन'.

या रचनेचे 'विल'शी असलेले नाते एका प्रसंगात जवळून पाहता येते. लहान मूल कठड्यावर चढले आहे आणि आई ओरडते. 'यू'ल फॉल' असे ती म्हणाली, तर त्या वाक्यात न बोललेली अट दडलेली असते: असाच चढत राहिलास तर. 'यू'र गोइंग टू फॉल' असे म्हणाली, तर अट संपलेली असते. पाय सरकला आहे, तोल जातो आहे, पडणे जणू सुरू झाले आहे. मराठी आई पहिल्या प्रसंगी 'पडशील!' म्हणते आणि दुसऱ्या प्रसंगी 'पडतोयस!' किंवा 'पडणार तू आता!' म्हणते. कोणीही न शिकवता मराठी भाषिक 'पडशील' आणि 'पडणार' यांतला हा भेद जन्मापासून पाळतो. दोन्ही भाषांच्या रचना अगदी एकास एक जुळतात असे नाही, आणि 'णार'ची व्याप्ती 'गोइंग टू'पेक्षा मोठी आहे. तरीही आधारानुसार रूप बदलणे ही सवय दोन्हींकडे आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे.

'गोइंग टू'चा इतिहास मुळात चालण्याचा आहे. एखादे काम करण्यासाठी कुठेतरी जाणारा माणूस ते काम लवकरच करणार असतो. जाणे गळून पडले आणि 'लवकरच करणार' एवढाच अर्थ उरला. १६४६ साली जोशुआ पूल यांच्या इंग्रजी व्याकरणात ही रचना भविष्याची खूण म्हणून नोंदलेली आहे, म्हणजे वॉलिस यांच्या 'शॅल-विल' नियमाच्या आधीच ती व्याकरणकाराच्या नजरेत आली होती. तरीही पुढची दोनशे-अडीचशे वर्षे शालेय कोष्टकांत तिला जागा मिळाली नाही. आज बोलण्यात तिचे 'गॉना' झाले आहे, आणि ही झीजच तिच्या व्याकरणीभवनाची साक्ष देते: 'आय'म गॉना ईट' असे म्हणता येते, परंतु लंडनला निघालेला माणूस 'आय'म गॉना लंडन' असे म्हणत नाही. प्रत्यक्ष जाण्याचा शब्द झिजला नाही, फक्त भविष्याचा झिजला.

वर्तमानाचे रूप भविष्याला वापरणे ही इंग्रजीची लहर नव्हे, हे भारतीय व्याकरणाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात वर्तमानाच्या निकटच्या भविष्यासाठी वर्तमानासारखे प्रत्यय विकल्पाने मान्य केले आहेत, आणि लगेच पुढे, भविष्याविषयी आशंसा व्यक्त करायची असेल, तर भूतकाळासारखे प्रत्ययही चालतात असे सांगितले आहे. निरोप घेताना मराठी माणूस 'येतो' म्हणतो आणि हाक आली की अजून जागचा न हलताच 'आलोच' म्हणतो, ते याच वाटेने. संकेतार्थी वाक्यात तर मराठीत भूतकाळी रूपच रूढ आहे: 'उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही'. इंग्रजी त्या जागी वर्तमान वापरते, 'इफ इट रेन्स', आणि 'विल' मुख्य वाक्यात ठेवते. कारण उघड आहे: अट घालणारा माणूस पावसाविषयी तर्क करत नाही, तो पाऊस गृहीत धरतो आहे, आणि तर्क फक्त सामन्याविषयी आहे. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे 'इफ इट विल रेन' हे वाक्य मराठीच्या प्रभावातून आलेले नाही, कारण मराठीतही तिथे सहसा भविष्यकाळ येत नाही. ते भविष्य म्हणजे 'विल' या शाळेत बिंबवलेल्या समीकरणातून आलेले आहे. ज्या ठिकाणी 'इफ' नंतर 'विल' बरोबर ठरते, जसे 'इफ यू विल वेट अ मोमेंट', तिथे ते पुन्हा इच्छेचेच असते: आपण थोडे थांबायला तयार असाल तर.

भविष्यकाळाच्या रूपावरून माणसांच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अर्थशास्त्रज्ञ कीथ चेन यांनी २०१३ साली असे मांडले की ज्या भाषांत भविष्यासाठी वेगळी खूण सक्तीची आहे, त्या भाषांचे बोलणारे बचत कमी करतात, कारण भाषा त्यांना उद्याला आजपासून दूर ठेवायला लावते. त्या वर्गीकरणात इंग्रजी सक्तीच्या गटात मोडते आणि जर्मन दुसऱ्या गटात. पुढे २०१५ साली चेन यांनीच इतर अभ्यासकांसह भाषांमधील नातेसंबंध हिशेबात घेऊन पुन्हा तपासणी केली, तेव्हा तो संबंध बराच क्षीण झाला. ज्या भाषेला भविष्यकाळ आहे की नाही यावरच व्याकरणकारांचे एकमत नाही, ती भाषा एका ठोस गटात टाकून तिच्या बोलणाऱ्यांच्या बचतीचा हिशेब मांडणे, हे मुळातच डळमळीत पायावरचे बांधकाम होते.

आधाराच्या प्रश्नाला खरे वजन येते ते कायद्यात. इंग्रजी कायद्याच्या भाषेने 'शॅल'ला तृतीयपुरुषी हुकमाच्या अर्थाने जपून ठेवले, आणि भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत ते पानोपानी आढळते. परंतु तिथेही ते एकाच अर्थाने येत नाही. कुठे ते अधिकाऱ्यावर कर्तव्य लादते, कुठे एखादे पद निर्माण करते आणि कुठे कायदा केव्हा अमलात येईल एवढेच सांगते. राज्यघटनेच्या ३२० व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात, सरकारी नोकरांवरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी 'शॅल' हाच शब्द आहे. तो सल्ला न घेता झालेली कारवाई रद्द ठरते काय, हा प्रश्न १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात आला, आणि न्यायालयाने तिथले 'शॅल' आज्ञार्थक नसून निदेशात्मक आहे, म्हणजे ते पाळले नाही एवढ्यानेच कारवाई अवैध होत नाही, असा निर्णय दिला. एका सहायक क्रियापदाच्या अर्थावर माणसाची नोकरी अवलंबून होती. या संदिग्धतेला कंटाळून अमेरिकेने २००७ साली दिवाणी प्रक्रियेचे संघीय नियम नव्याने लिहिताना 'शॅल' काढून कर्तव्यासाठी 'मस्ट' योजले. मराठीतील अधिनियमांत या 'शॅल'साठी 'करील', 'असेल', 'अमलात येईल' अशी ईलाख्याताची रूपे स्थिरावली आहेत, त्यामुळे इंग्रजीतली संदिग्धता मराठीतही जशीच्या तशी उतरली. वास्तविक मराठीजवळ 'करावे' हे वाख्यात आहे, 'केले पाहिजे' आहे, 'करणे बंधनकारक राहील' आहे. कर्तव्य सांगणारे कलम आणि स्थिती सांगणारे कलम यांत भेद करण्याची सोय भाषेत असताना ती न वापरणे ही मसुदाकारांची उणीव आहे, भाषेची नव्हे.

महाराष्ट्रातील शाळांचा या सगळ्याशी संबंध जुना आहे. भारतभर ज्यांचे इंग्रजी व्याकरण प्रमाण मानले गेले त्या रेन आणि मार्टिन या जोडीतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ होते. त्यांच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांतून 'आय शॅल, यू विल, ही विल' ही ओळ पिढ्यानपिढ्या पाठ झाली. इंग्लंडात त्या नियमाचा पाया डळमळू लागला होता, त्याच काळात आपल्याकडे तो परीक्षेत गुण मिळवून देत होता. पुढच्या पुस्तकांनी नियम सैल केला, 'शॅल' जवळपास वगळले, परंतु त्याच्या जागी आधाराचा विचार आणला नाही. 'विल' हेच सर्वत्र चालणारे भविष्यकाळाचे चिन्ह झाले आणि विद्यार्थी वेळापत्रकालाही 'विल' लावू लागला, अटीलाही लावू लागला. अलीकडे त्यात 'वुड'ची भर पडली आहे: उद्याचा साधा कार्यक्रम सांगतानाही ते अधिक नम्र वाटते म्हणून वापरले जाते, आणि ऐकणाऱ्या परक्या इंग्रजी भाषिकाला मात्र तो कार्यक्रम कशावर तरी अवलंबून आहे असे वाटते.

यावर उपाय नव्या कोष्टकाचा नाही. गाळलेल्या जागा भरा या प्रश्नप्रकारात आज एकच सुटे वाक्य आणि कंसात क्रियापद दिलेले असते, आणि अशा वाक्याला चारही रचना शोभत असल्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला परीक्षकाकडे पाठ नियमाशिवाय काही नसते. त्याऐवजी वाक्याआधी बोलणाऱ्याची परिस्थिती दोन ओळींत मराठीतच द्यावी: तिकीट काढून झाले आहे, ढग भरून आले आहेत, मित्राने आत्ताच विचारले आणि उत्तर त्याच क्षणी सुचले, किंवा कोणीतरी दाराशी आले आहे आणि ते कोण याचा केवळ अंदाज आहे. मग विद्यार्थ्याला आधी हे विचारावे की मराठीत तो यातले काय म्हणेल: जातो, जाणार आहे, जाईन की असेल. ही निवड तो क्षणात आणि अचूक करतो, कारण ती त्याच्या मातृभाषेची आहे. त्यानंतरच इंग्रजी रूपाकडे जावे, आणि उत्तरासोबत बोलणाऱ्याचा आधार काय हे एका वाक्यात लिहायला सांगून त्यालाही गुण ठेवावेत.